शेजारी बसायच्या जागा

रविवार, रात्र

लग्न ठरल्यापासून भेटायचं कुठे हाच मोठा प्रश्न झाला आहे. मी ठाण्याच्या नौपाड्यातली, तो नवी मुंबईतल्या नेरुळचा. माझ्या घरी आई-बाबा आणि आजी, त्याच्या घरी काका-काकू आणि धाकटी बहीण. कुणाच्याही घरी गेलं की आधी पोहे येतात, मग चहा, मग हॉलमध्ये सगळ्यांच्या गप्पा रंगतात आणि आमचं बोलायचं तसंच राहून जातं. म्हणून सुरुवातीला मॉलमध्ये भेटायचो. एसी असतो, स्वच्छतागृह असतं, कुणी हटकत नाही. पण टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलं की मुलाखतीला बसल्यासारखं वाटायचं. कार्यालयाचं बुकिंग, पत्रिका, सुट्ट्या, आणि मग दोघेही मोबाइलमध्ये.

तलावपाळीला, म्हणजे ठाण्याच्या मासुंदा तलावावर, होडीत बसलो त्या संध्याकाळी हे बदललं. पायडलची होडी, दोघे शेजारी शेजारी, नजर समोरच्या पाण्यावर. एकाने पाय थांबवले की सगळं ओझं दुसऱ्याच्या पायांवर येतं, त्यामुळे एकमेकांकडे न बघताही एकमेकांची दखल घ्यावीच लागते. तलावाच्या मधल्या शंकराच्या देवळाजवळ पोचलो आणि तो म्हणाला, "मला ही नोकरी बदलायची आहे. पगार थोडा कमी होईल. तुला आधी सांगायला हवं होतं ना?" मॉलमध्ये इतक्या वेळा भेटलो, पण हे निघालं ते इथे.

तेव्हापासून आमची जागा निवडायची रीत ठरली. दोघांना शेजारी बसता किंवा चालता आलं पाहिजे आणि समोर बघायला काहीतरी पाहिजे. खर्च कमी असला तर उत्तमच, कारण दोघेही घराच्या डाउन पेमेंटसाठी पैसे साठवतोय. लग्न ठरलेल्या, न ठरलेल्या आणि लग्नाला वर्षं झालेल्यांनाही उपयोग व्हावा म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

तलावपाळीची एक संध्याकाळ पूर्ण भरते. दुपारचा प्रयोग गडकरी रंगायतनला बघायचा. १९७८ सालचं हे नाट्यगृह डागडुजी होऊन पुन्हा उघडल्यापासून मला तिथे जायची नव्याने ओढ लागली आहे. नाटक ही जोडप्यासाठी मला सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. दोन तास शेजारी बसायचं, मध्यंतरात बटाटावडा खायचा आणि बाहेर पडल्यावर बोलायला विषय तयार असतो. आमचं तर दरवेळी वाजतंच, कारण त्याला नटाचं काम आवडतं आणि मी लेखकाच्या बाजूची. भांडत भांडत तलावाला फेरी मारायची, कौपिनेश्वराचं दर्शन घ्यायचं, जांभळी नाक्यावरून गजरा घ्यायचा.

दोघांनी कट्ट्यावर बसायचं तर लोक बघणार ही भीती मलाही होती. तलावपाळीवर ती राहिली नाही. तिथे एवढी माणसं असतात, फुगेवाले, आजी-आजोबा, पोरांना घेऊन आलेली कुटुंबं, की तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. निर्जन जागी जाऊन एकांत शोधण्यापेक्षा भर गर्दीतला हा कट्टा मला कितीतरी सुरक्षित वाटतो. उपवन तलावालाही येऊरचे डोंगर समोर असतात आणि हवा छान असते, पण तिथे मी सकाळीच जाईन.

शनिवार

आज त्याची पाळी होती. एक आठवडा ठाणे, एक आठवडा नवी मुंबई, असं आम्ही वाटून घेतलंय.

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल गाडी पकडली. आठवडाभर ऑफिसला जाताना या ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलच्या, डब्यात मला उभं राहायलाही धड मिळत नाही. आज ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे सगळी स्टेशनं खिडकीतून निवांत बघितली. नेरुळला तो चढला आणि आम्ही बेलापूरला उतरलो. रिक्षाने आर्टिस्ट व्हिलेज.

आर्टिस्ट व्हिलेजबद्दल मला ऐकूनच माहीत होतं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी, आखलेली ही वसाहत. कल्पना अशी की प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जमीन, वर मोकळं आभाळ आणि शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नसलेली स्वतःची भिंत मिळावी. सात घरांच्या मधोमध एक अंगण. असे तीन गट एकत्र आले की २१ घरांचं आणखी मोठं अंगण. भिंत सामाईक नसल्यामुळे पैसे येतील तसं घर वाढवता यावं हा मूळ हेतू. उंच इमारती न उभारताही पुष्कळ माणसं नीट राहू शकतात हे त्यांना दाखवायचं होतं.

आज तिथे फिरताना घरं वाढलेली दिसतात. काही ठिकाणी मूळ उतरतं कौलारू छप्पर आहे, शेजारीच तीन मजली बंगला. आर्किटेक्ट लोक याबद्दल हळहळतात असं वाचलंय, पण मला ते बघून बरं वाटलं. माणसांनी घर वाढवलं म्हणजे ती तिथे टिकली, मुलं मोठी झाली, सुना आल्या. एका अंगणात दोन मुली लंगडी खेळत होत्या आणि एक काकू पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. देठं एका बाजूला, पानं परातीत, आणि हाताकडे न बघता शेजारणीशी बोलणं चालू. आम्ही उगाच रेंगाळलेलं बघून त्यांनी विचारलं, "घर बघताय का?" तो पटकन "हो" म्हणाला. त्यांनी भाव सांगितला आणि आम्ही मुकाट्याने पुढे निघालो.

पण त्या गल्ल्यांतून चालताना घराचं बोलणं झालं, अगदी नीट झालं. काका-काकूंजवळ राहायचं की वेगळं, माझी आजी आजारी पडली तर मी ठाण्याला किती वेळात पोचेन, पहिल्याच वर्षी मोठं कर्ज डोक्यावर घ्यायचं का. त्याचं म्हणणं पडलं की आधी एक खोली जास्त असलेलं भाड्याचं घर घेऊ, म्हणजे दोन्हीकडचे येऊन राहू शकतील. मला ते पटलं. पलंगाच्या मापाच्या गोष्टी करत परत स्टेशनला चालत आलो.

नवी मुंबई रुक्ष आहे, नुसते सेक्टर आणि नंबर आहेत, असं मी लहानपणापासून ऐकत आले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि शहर कागदावर आधी उभं राहिलं हे खरंच आहे. पण चालायला रुंद पदपथ, सेक्टरासेक्टरात बागा आणि वाशीला सागर विहारसारखी खाडीकाठची जागा ही याच आखणीची देणगी. ठाण्यात गोखले रोडवरून दोघांनी शेजारी चालायचं म्हटलं तर एकाला रस्त्यावर उतरावं लागतं. हे मी नौपाड्याची असूनही मान्य करते.

रविवार, रात्र

आज रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघितले. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. मी इतकी वर्षं ऐरोलीला नोकरीला जाते आणि हे सगळं ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करून बुकिंग करावं. टोपी, पाणी आणि असेल तर दुर्बीण घ्यावी. दोन्ही बाजूंना खारफुटी, मधून बोट. लांबून आधी चिखलावर फिकट गुलाबी पट्टा दिसतो. जवळ गेल्यावर एकेक पक्षी वेगळा होतो. डोकं खाली घालून, चोच चक्क उलटी करून ते चिखलपाणी गाळत असतात, आणि खाता खाता पायही चालूच. त्यांचा गुलाबी रंग याच खाण्यातून, शेवाळातून आणि बारीक जीवांतून येतो. पिल्लं राखाडी असतात. थवा उडाला तेव्हा पंखांखालचा काळा आणि लाल रंग एकदम दिसला आणि बोटीतले सगळेच गप्प झाले. त्याने माझा हात धरला. बोटीत त्याच्या ऑफिसमधले एक गृहस्थ सहकुटुंब होते, तरी सोडला नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरपासून हे पक्षी येऊ लागतात आणि मेपर्यंत असतात. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर उडून येतात, त्यामुळे बोट मिळाली नाही तरी डीपीएस शाळेजवळच्या डीपीएस तलावाच्या काठावरून दिसू शकतात. या तलावाला भरतीचं पाणी मिळेनासं झालं म्हणून २०२४ मध्ये तो सुकत गेला होता आणि पक्षीप्रेमींना त्यासाठी भांडावं लागलं. आपण जिथे फिरायला जातो ती जागा टिकण्यासाठी कुणीतरी पत्रं लिहितं, सकाळी उठून पक्ष्यांची मोजणी करतं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आम्ही दोघांनी ठरवलंय की पुढच्या मोसमात मोजणीला नावं द्यायची.

बुधवार

ऑफिसातल्या मैत्रिणीने आणखी जागा विचारल्या, म्हणून घाईत लिहिते.

उरणची लोकल. जानेवारी २०२४ मध्ये ती थेट उरणपर्यंत सुरू झाली. नेरुळहून बसायचं, उतरून रिक्षाने पिरवाडीचा किनारा. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवावी. नवी मुंबई मेट्रो बेलापूर ते पेंधर, नोव्हेंबर २०२३ पासून, ११ स्टेशनं. खारघरच्या सेंट्रल पार्कला उतरलं की संध्याकाळ सहज जाते आणि पाठीमागे डोंगर असतातच. घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीची फुलपाखरांची बाग, तिथे रविवारी सकाळी आणि पावसाळा संपता संपता जावं.

पुस्तकं आवडणाऱ्यांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जावं. १८९३ पासून चालू आहे. एकमेकांसाठी एकेक पुस्तक निवडायचं आणि पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं, हे आमचं नवीन. सकाळी लवकर भेटणार असाल तर मामलेदारची मिसळ, मात्र तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. टेबलं गजबजलेली असतात, त्यामुळे शेजारीच बसावं लागतं, हेही बरंच.

आणि रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या कधी बंद आहेत ते, बघा. ठाण्याला रेल्वे १८५३ मध्ये आली. १६ एप्रिलला बोरीबंदरहून निमंत्रितांना घेऊन निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी आली ती आमच्याच गावात, याचा मला फार अभिमान आहे. पण आज ब्लॉकमध्ये अडकलात तर अर्धा दिवस प्लॅटफॉर्मवर जातो.

शुक्रवार, झोपण्याआधी

पाडव्याला कौपिनेश्वरापासून निघणाऱ्या स्वागतयात्रेला तो येणार आहे. आई म्हणाली, "जेवायलाच बोलव, श्रीखंड घरीच करू." म्हणजे सकाळी यात्रा आणि दुपारी घरी पंगत. आईला अजून सांगायचंय की काका-काकूही येतायत. काकू इतकी वर्षं नेरुळला राहून रोहित पक्षी जवळून बघायला कधी गेल्या नव्हत्या. फोटो बघून म्हणाल्या, "मला नेशील का गं?" बोटीची चौकशी केली, भरतीच्या वेळा मिळाल्या. पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघी जाणार. त्याला यायचं असेल तर त्याने मागच्या बाकावर बसावं.