७२ तासांतलं माप

निरोगी बाळाचंही वजन जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत उतरतं. पावणेतीन किलोचं बाळ दीड-दोनशे ग्रॅमनी उतरलं तरी आईने घाबरायचं कारण नसतं. वाढीच्या अभ्यासात मात्र हेच दीड-दोनशे ग्रॅम महागात पडतात. एका बाळाचं वजन जन्मल्यावर तासाभरात झालं आणि दुसऱ्याचं चौथ्या दिवशी, तर दोघांतला फरक आईच्या आहारामुळे की नुसत्या उशिरामुळे, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषण अभ्यास सुरू केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासात बाळाची मापं ७२ तासांच्या आत घेतली जात. आम्ही तर म्हणू की माप कितव्या तासाला घेतलं, तेही वहीत हवं.

गावाकडे हे ७२ तास पाळणं सोपं नसतं, कारण पहिलं बाळंतपण माहेरी होतं. नोंद सासरच्या गावात आणि बाळ तीस किलोमीटरवर! त्यामुळे सातव्या महिन्यातच माहेरचं गाव, घर कोणाचं आणि निरोप कोण देणार, हे लिहून घ्यावं लागतं.

त्याआधीचा प्रश्न तारखेचा. बाळ छोटं आहे की फक्त लवकर जन्मलं आहे, हे दिवस नेमके किती भरले यावरून ठरतं. शेवटच्या पाळीची तारीख तीन महिन्यांनी विचारली तर उत्तर ‘संक्रांतीच्या मागं-पुढं’ असंच येणार. म्हणून त्या सहा गावांत बायकांना दिवस जाण्याआधीपासून दर महिन्याला भेटून पाळीची तारीख नोंदवत. सोनोग्राफीशी ती दोन आठवड्यांपेक्षा जास्त फटकून असेल, तर सोनोग्राफी धरायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं.

या अभ्यासाचा सगळ्यात गाजलेला निष्कर्ष निघाला तो एका चिमटीतून. पुण्याजवळची ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोच्या आसपास. आपली बाळं लहान, हे दिसतच होतं. पण कमतरता सगळीकडे सारखी नव्हती. पोटाचा घेर आणि दंडाचे स्नायू फार मागे होते, आणि खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. म्हणजे अंगाने बारीक, पण त्या मानाने चरबी जास्त. नुसता वजनकाटा वापरला असता तर हे कधीच कळलं नसतं.

ती चिमूट अशी घ्यायची. फऱ्याच्या खालच्या टोकाशी पेनाने खूण करायची. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत कातडी आणि खालची चरबी उचलायची, स्नायू उचलायचा नाही. चिमूट तिरकी, कातडीच्या नैसर्गिक रेषेत. बोटांपासून सेंटीमीटरभर अंतरावर कॅलिपर, म्हणजे चिमटीची जाडी मोजायचा चिमटा, लावून त्याचा दांडा पूर्ण सोडायचा आणि दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. उशीर झाला की चरबी दबत जाते आणि आकडा खाली सरकतो. कॅलिपरचा दाब दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम असावा लागतो. स्प्रिंग सैल पडली तरी आकडे येतच राहतात, फक्त चुकीचे. आपल्याकडची खास अडचण म्हणजे तेल. नुकतंच मालिश झालेल्या बाळाची चिमूट हातात ठरत नाही. मऊ फडक्याने पाठ पुसून घ्यावी. वजनाच्या वेळी करदोटा आणि वाळे काढायला घरच्यांची ना असेल तर हट्ट करू नये. त्याच प्रकारचे दुसरे दागिने तोलून तेवढं वजा करावं.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी आडवं निजवून घ्यायची आणि त्याला दोन माणसं लागतातच. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून तळव्यांना सरकती फळी लावायची. एकट्याने घेतलेलं माप बहुतेक वेळा कमी भरतं, कारण गुडघे वाकलेले राहतात. पुढे मूल उभं करून मोजू लागलो की तेच मूल सुमारे ०.७ सेंटीमीटर बुटकं दिसतं. हे लक्षात घेतलं नाही, तर दोन वर्षांच्या सगळ्या मुलांची वाढ एकदम अडलेली दिसते! शाळकरी मुलांची उंची शक्यतो सकाळीच घ्यावी. संध्याकाळपर्यंत मणके दबून ती साधारण सेंटीमीटरभर कमी होते. मुलींचे आंबाडे आणि वर बांधलेल्या वेण्या सोडवाव्या लागतात.

सहा वर्षांचं मूल वर्षाला सहा सेंटीमीटर वाढतं, म्हणजे महिन्याला अर्धा. मापात ०.७ सेंटीमीटरची चूक झाली की महिन्याची वाढ त्यातच बुडाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात दिल्लीसह सहा शहरांत वाढीचे मानक ठरवण्यासाठी अभ्यास केला. तिथे दोन जण स्वतंत्रपणे मोजत, आणि लांबीत ७ मिलिमीटर, डोक्याच्या घेरात ५ मिलिमीटर किंवा वजनात १०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला की पुन्हा मोजत. आपल्या मापाची चूक काढायची असेल तर दहा मुलं दोनदा मोजा, मिलिमीटरमधल्या प्रत्येक फरकाचा वर्ग करा, बेरजेला २० ने भागा आणि वर्गमूळ काढा. बेरीज ८० आली तर चूक २ मिलिमीटर. आणि वहीतल्या आकड्यांचा शेवटचा अंक पाहा. शून्य आणि पाच फार दिसले की समजावं, कोणीतरी अंदाजे लिहितंय.

पुढे ओळख सांभाळायची. जन्मलेल्या बाळाला बारशापर्यंत नावच नसतं, घरातलं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं, आणि मुलींचं लग्नानंतर आडनाव बदलतं, कधी पहिलं नावही. शाळेच्या दाखल्यावर १ जून जन्मतारीख दिसली तर तिच्यावर विसंबू नये, प्रवेशाच्या सोयीने ती टाकलेली असते. म्हणून जन्मतःच दिलेला एक क्रमांक कायम ठेवायचा आणि तो आईच्या क्रमांकाशी जोडायचा.

क्रमांकांची ही साखळी टिकली म्हणूनच, मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांचं रक्त आईच्या गरोदरपणातल्या रक्ताशी ताडून पाहता आलं. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, फोलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वाची कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. ज्यांच्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्या मुलांत इन्शुलिनला सर्वाधिक प्रतिरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेऊ शकणारा बिघाड, आढळला. मग २०१२ मध्ये याच मुलामुलींवर पुढची चाचणी सुरू झाली. रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, स्वतःला मूल होण्याआधीपासून, त्यांच्या बाळांवर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठी. या मुली लग्न होऊन सासरी गेल्या आहेत. आता सासरच्या गावांची यादी नव्याने करावी लागली.