मॉरवेलची भिंत आणि आमचं वळिवडे

कोल्हापुरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगरला जायचं हे आमच्याकडे ठरलेलं, आणि लहानपणी तिथं गेलं की आजी हमखास सांगायची, हे सिंधी कापडवाले यायच्या आधी इथं पोलंडची गोरी माणसं राहायची, महायुद्धात घरदार गमावून आलेली. १९४३ पासून पुढची चारपाच वर्षं इथल्या वळिवड्याच्या कॅम्पात पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक होते, बहुतेक बायका आणि पोरं. ती गेली आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आजीला त्या बायकांची नावं कधी नीट म्हणता आली नाहीत, पण त्या अंडी घ्यायला यायच्या आणि मराठीत भाव करायच्या हे तिच्या पक्कं लक्षात होतं. मी विचारायचे, मग ती गेली कुठं? आजी म्हणायची, गेली बोटीनं.

बरीचशी इंग्लंडला गेली, काही ऑस्ट्रेलियातसुद्धा पोचली, हे मोठेपणी वाचून कळलं. त्यामुळे यंदा धाकट्या भावाकडे मेलबर्नला राहायला गेले तेव्हा बाकी सगळे समुद्रकिनारे आणि पेंग्विन बघायला निघाले आणि मी म्हटलं मला लॅट्रोब व्हॅलीत जायचंय, कोळशाच्या खाणी आहेत तिथं. वळिवड्याचंच कुणी भेटेल अशी आशा नव्हती. पण युद्धानंतर बोटीनं गेलेल्या माणसांनी पुढं संसार कसा मांडला ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

सदर्न क्रॉस स्टेशनवरून ट्रॅरल्गनची ट्रेन पकडली, दोनेक तासांचा प्रवास. वॉरगलच्या आसपास हिरव्यागार टेकड्या आणि त्यावर गाईच गाई, मग मोई नावाचं स्टेशन येतं, आणि त्यानंतर अचानक यालोर्नच्या वीजकेंद्राची वाफ दिसायला लागते. मॉरवेलला उतरल्यावर रुळांलगतच गुलाबांची मोठी बाग आहे, तीन हजारांवर झाडं, आणि तिथून हायवे ओलांडला की पलीकडे लगेच खाण. इतकी जवळ असेल असं वाटलं नव्हतं. २०१४ साली हेझलवूडच्या याच खाणीला आग लागली ती ४५ दिवस धुमसत होती, गावाने तो धूर दीड महिना खाल्ला. २०१७ मध्ये खाण आणि वीजकेंद्र दोन्ही बंद झालं, नंतर आठही चिमण्या पाडल्या.

इथला कोळसा तपकिरी, निम्म्याहून जास्त पाणीच असतं त्यात. असला ओला कोळसा लांब वाहून नेणं परवडत नाही म्हणून खाणीच्या उशाशीच वीजकेंद्र बांधायचं आणि तारेनं वीज मेलबर्नला न्यायची. युद्धानंतर विजेची मागणी वाढलेली, न्यू साउथ वेल्सचा काळा कोळसा संपांमुळे वेळेवर येईना, म्हणून सरकारी वीज कमिशनने इथल्या खाणी वाढवायला घेतल्या आणि माणसं कमी पडायला लागली. त्याच वेळी जर्मनी-ऑस्ट्रियातल्या छावण्यांत लाखो लोक अडकून पडले होते, पोलिश, युक्रेनियन, लॅटव्हियन, लिथुआनियन, एस्टोनियन, ज्यांना परत जायला देशच तसा उरला नव्हता. १९४७ पासून थोड्याच वर्षांत अशी सुमारे १ लाख ७० हजार माणसं ऑस्ट्रेलियाने घेतली. अट एकच, सरकार सांगेल तिथं दोन वर्षं काम करायचं. कागदावर पुरुष म्हणजे मजूर आणि बाई म्हणजे घरकामगार, मग तो आधी वकील असो की मास्तर.

गावाबाहेर केर्नो लेक नावाचं तळं आहे, त्याच्या काठावर गिप्सलँडमध्ये, म्हणजे मेलबर्नच्या पूर्वेकडच्या या सगळ्या मुलखात, आलेल्या स्थलांतरितांच्या नावांची भिंत आहे. मी ती नावं वाचत होते, पण खरं सांगायचं तर वाचता येत नव्हती, जोडाक्षरांवर जोडाक्षरं, आणि मला आजीच आठवत राहिली. शेजारी एक आजोबा एका नावावरची धूळ रुमालाने पुसत होते. त्यांनी विचारलं, तुमचं कुणी आहे का यात? मी म्हटलं नाही, पण आमच्या गावाजवळ एकदा पोलिश लोक राहायला होते. आजोबा पुसायचे थांबले. इंडियात? मी फोनवर वळिवड्याच्या स्मारकाचा फोटो दाखवला, त्यांनी चष्मा वर करून करून तो बघितला, मग म्हणाले, मी पोलिशच, चला, बाकावर बसू.

ते चार वर्षांचे असताना १९५० मध्ये आईवडिलांबरोबर आले. बोटीतून पोर्ट मेलबर्नला उतरून तिथूनच ट्रेनमध्ये, ती थेट बोनेगिलाला. लष्कराची जुनी छावणी, पत्र्याची खोपटी, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात गारठा, आणि रोज मटण, त्या चरबीचा वास अजून नाकात आहे म्हणाले. (या एका छावणीतून १९७१ पर्यंत तीन लाखांवर माणसं गेली.) वडील पोलंडमध्ये शाळामास्तर. त्यांच्या हातात फावडं दिलं आणि यालोर्नला धाडलं, राहायला पुरुषांची छावणी. आई आणि हे पोरगं वेगळ्या ठिकाणी, वेस्ट सेलला, विमानदलाच्या जुन्या तळावर. म्हणजे युद्धात सगळं सोसून, जर्मनीतल्या छावणीत एकत्र टिकून राहिलेलं कुटुंब इथं येऊन वेगळं झालं, कारण बायकापोरांसाठी घरंच नव्हती! मला याचा राग आला, आजोबांना नव्हता. ते म्हणाले वडील शनिवारी ट्रेनने यायचे, खिशात माझ्यासाठी संत्रं असायचं, मला वाटायचं बाप म्हणजे शनिवारी येणारा माणूस.

दोन वर्षं संपली तसा वडिलांनी यालोर्नजवळच्या न्यूबरोला प्लॉट घेतला. हे सगळ्यांनी असंच केलेलं: आधी मागच्या बाजूला गॅरेज बांधायचं, त्यातच चूल मांडायची, आणि मग जसे पैसे साठतील तसं पुढं घर. शिफ्ट संपवून आलेले पाचसहा जण, एक लॅटव्हियन सुतार, एक युक्रेनियन गवंडी, दोन डच, या रविवारी तुझी भिंत तर पुढच्या रविवारी माझं छप्पर. एकमेकांची भाषा कुणाला येत नव्हती, मोडकं जर्मन आणि मोडकं इंग्लिश. दुकानात त्यांना सरसकट ‘बाल्ट’, म्हणजे बाल्टिक देशांतले, म्हणायचे, शाळेत पोरं डब्यातल्या काळ्या पावाला हसायची. मास्तर शेवटपर्यंत कोळशाच्या कन्व्हेयरवरच राहिले, पुन्हा शिकवलं नाही. पण रोज संध्याकाळी मुलाला पोलिश लिहायला बसवायचे, थकून आलेले असले तरी.

मग आजोबांनी मला गाडीतून यालोर्नची खाण दाखवायला नेलं. इथं खाली गाव होतं, म्हणाले. नुसती खाणकामगारांची वस्ती नाही, चौक, थिएटर, शाळा, बागा असलेलं कमिशनचं देखणं गाव, १९२० च्या दशकात आखून बांधलेलं. पण गावाच्या पोटात कोळसा होता. १९६९ मध्ये जाहीर झालं की गाव हलवणार आणि ८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घरं उचलून नेली, उरलेलं पाडलं. वडिलांचे एक मित्र, युक्रेनियन, तिथं भाड्याने राहायचे, ते या घटनेनंतर महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. एक गाव युद्धात गेलं, दुसरं कोळशात. समोर तो प्रचंड तपकिरी खड्डा, तळाशी खेळण्याएवढी यंत्रं, आणि मी त्यात चौक कुठं असेल ते शोधत उभी.

वडील छातीच्या आजाराने गेले एवढंच आजोबा म्हणाले. वीजकेंद्रांत पाइपांना ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ छातीत जाते, आणि या खोऱ्यात त्यापायी होणाऱ्या आजाराने फार माणसं गेली, त्यामुळे मी पुढं काही विचारलं नाही.

परत येताना ट्रेनमधून कोल्हापुरात आत्तीला फोन लावला. आजी गेली, आता त्या काळातलं ऐकीव का होईना आत्तीलाच ठाऊक. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा पहिला प्रश्न, “आणि त्या आईला गं? करमलं का तिला तिथं?”

मी म्हटलं, आत्ती, तिने गॅरेजच्या मागं बीट आणि शेपू लावला होता. शेपूचं बी पोलंडमधनं कोटाच्या अस्तरात शिवून आणलेलं, असं ते आजोबा सांगत होते. अजून लावतात ते, मला जुडी दिलीय.

“शेपू?” आत्ती म्हणाली. “मग ये की घेऊन.”

विमानात भाजी नेऊ देत नाहीत. त्या रात्री भावाच्या किचनमध्ये मुगाची डाळ घालून केली.