2,14,74,83,647 ला भाग जात नाही

फोंड्यात लोकांचे हिशेब लिहिण्यात माझी उमर गेली, त्यामुळे मोठा आकडा दिसला की आधी कोटी-लाख मोजतो. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. म्हणजे 2 चा 31 वा घात, वजा 1. ही मूळ संख्या आहे हे गणिती ऑयलरने दाखवलं, 1772 साली, सेंट पीटर्सबर्गला. तोवर त्याची नजर जवळजवळ गेली होती. पुढची नव्वदेक वर्षं माणसाला ठाऊक असलेली सगळ्यांत मोठी मूळ संख्या हीच.

आता साधा हिशेब. हिला भाग जात असेल तर 46,340 च्या आतल्या एखाद्या मूळ संख्येने जायला हवा. तशा साडेचार हजारांवर आहेत. एवढे भागाकार कोण करत बसणार! पण समजा q ने भाग गेला. मग 2 चा 31 वा घात q ने भागला की बाकी 1 उरते, आणि 31 स्वतः मूळ असल्यामुळे q मधून 1 वजा केला की उरलेल्याला 31 ने भाग गेलाच पाहिजे. q विषम, म्हणून 62 नेही. शिवाय 2 चा 32 वा घात हा पूर्ण वर्ग, आणि त्याची बाकी येते 2. त्यावरून q ला 8 ने भागलं तर बाकी 1 किंवा 7 च. दोन्ही अटी जुळवल्या की 248 च्या पाढ्यात 1 किंवा 63 मिळवून येणारेच उमेदवार राहतात. असे उमेदवार पावणेचारशेहून कमीच. त्यांतलेही 249, 497, 559 असले मूळ नसलेले, बिनकामाचे गाळायचे.

पहिला खरा उमेदवार 311. बिलबुकाच्या पाठीवर भागाकार केला: भागाकार 69,05,092, बाकी 35. पुढचा थेट 1303, बाकी 226. बाकी कुठेच शून्य येत नाही. आमच्या धंद्यात बाकी शून्य आली की जीव भांड्यात पडतो, इथे उलटं.

माझा भाचा ताळगावला विद्यापीठात शिकतो. त्याला हे जुनाट वाटतं. "मामा, 2024 मध्ये जी मूळ संख्या सापडली तिचे 4 कोटी 10 लाखांवर अंक आहेत!" खरं आहे. 2 चा 13,62,79,841 वा घात, वजा 1. पानावर तीन हजार अंक, पाठपोट छापले तरी कागदाची चौदा रिमं. पण ती यंत्राने यंत्रासाठी तपासलेली. तिच्यातला एकही भागाकार माझ्या पेनातून उतरणार नाही, मग तिचं कौतुक मी कसलं करू?

भाच्याच्या कॉम्प्युटरलाही माझाच आकडा नडणार आहे म्हणा. 1970 च्या आरंभापासूनचे सेकंद 32 बिटांत, म्हणजे 0-1 च्या 32 घरांत (त्यातलं एक अधिक-उण्याचं), मोजणाऱ्या जुन्या प्रणालींत याच्यापुढे जागाच नाही. 19 जानेवारी 2038, आपल्याकडे सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद झाले की पुढच्या सेकंदाला तारीख उडी मारते ती डिसेंबर 1901 वर. तेव्हा आमच्या ऑफिसातल्या त्या जुन्या मशीनचं काय करायचं ते भाच्यालाच विचारणार.