पुढचे दोन दात

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी टीव्हीवर काय लागणार हे चिमी ठरवते. चिमी म्हणजे माझी भाची, वय साडेसहा. यंदा ती पुण्याहून नागपूरला आली तेव्हा तिचे वरचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि बोलताना प्रत्येक 'स'मधून वारा जायचा. बाहेर ४५ अंश, आत कूलरची घरघर, आणि रोज दुपारी दोन वाजता डिस्नेचा १९६७चा 'द जंगल बुक'. सलग नऊ दिवस. सिनेमा ७८ मिनिटांचा आहे, म्हणजे पावणेबारा तास. एवढ्या वेळात मी घरातल्या सगळ्या चादरींचे फाटके काठ शिवून काढले.

आमचे बाबा वनखात्यातले. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं पेंचच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला, देवलापारच्या भागात गेली. त्याच जंगलाची पलीकडची बाजू म्हणजे मध्य प्रदेशातलं सिवनी, मूळ पुस्तक लिहिणाऱ्या किपलिंगच्या मोगलीचं गाव. सीमेवरचं खवासा ओलांडलं की पुढे पाटीपाटीवर मोगली दिसतो. गंमत म्हणजे मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने हे सगळं जंगल लिहिलं ते अमेरिकेत व्हर्मॉन्टला बसून, बाहेर बर्फ पडत असताना. आणि डिस्नेने त्याच्यावर कडी केली. सिनेमाची कथा लिहिणाऱ्याच्या हातात पुस्तक ठेवून त्याला सांगितलं म्हणे, पहिलं काम म्हणजे हे वाचू नकोस.

ते खरं असणार, हे सिनेमा पाहिला की पटतं. पुस्तकातलं अस्वल बल्लू म्हणजे जंगलाचा कायदा घोकून घेणारा, प्रसंगी थप्पड मारणारा मास्तर. सिनेमातला बल्लू म्हणजे कामधंदा नसलेला गडी. पुस्तकातला अजगर मोगलीचा मित्र, सिनेमात तो मोगलीला गिळायला टपलेला. बिचाऱ्याचं कारण नसताना चारित्र्यहनन झालं.

बाबांना इंग्रजी येत नाही. चिमीला येतं, पण ती सिनेमा चालू असताना अर्थ सांगत नाही, चूप म्हणते. त्यामुळे बाबांनी तो सिनेमा मुका पाहिल्यासारखा पाहिला. अडकित्त्याने सुपारी कातरत, अधूनमधून शेरा मारत. बगीराची चाल पाहून म्हणाले, "बिबट बरोबर काढला. खांदे पाह्य त्याचे." माकडांचा राजा आला तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे वांदर कुठलं होय?" ते ओरांगउटान, सुमात्रा-बोर्निओचं. सिवनीत त्याचं काय काम? आणि किपलिंगच्या माकडांना तर राजाच नाही, तोच त्यांचा दोष आहे. पण त्या राजाला आवाज देणाऱ्या लुई प्रिमाचा तो घोगरा सूर आणि ते जॅझ एकदा सुरू झालं की भूगोल कोण विचारतो? चार गिधाडं रांगेत बसून मैत्रीचं गाणं म्हणतात, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "चार तरी आहेत." जनावरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने आपली गिधाडं कशी संपली हे त्यांनी नोकरीत असताना पाहिलंय. २००६ साली त्याच्यावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

खरी गोष्ट अस्वलाची आहे.

बल्लूचं ते प्रसिद्ध गाणं टेरी गिल्कीसन यांचं. त्यांनी सिनेमासाठी बरीच गाणी केली होती, पण डिस्नेला ती फार गंभीर वाटली. हे एक ठेवलं आणि बाकीच्या गाण्यांचं काम शर्मन बंधूंकडे गेलं. गाण्यात बल्लू मोगलीला पोटापुरतं कसं मिळवायचं ते शिकवतो. झाडाला पाठ घासतो, दगड उचलतो आणि खालच्या मुंग्या तोंडात टाकतो. इथे बाबा अडकित्ता खाली ठेवून हसले. "हे खरं हाय. हे ज्यानं काढलं त्याले म्हाईत हाय."

मग त्यांनी चिमीला जवळ बोलावलं. "तोंड उघड." तिने उघडलं. "हे पाह्य. अस्वलाले इथले वरचे दोन दात नसतातच. वारूळ फोडते, थोबाड लावते, अन् या खिंडीतून उधई ओढते. फुर्रर्र! आवाज दूरवर जाते." चिमीने तो सिनेमा पहिल्यांदा स्वतः थांबवला. पुढचा अर्धा तास तिने ताटलीतले मुरमुरे दातांच्या खिंडीतून ओढून पाहिले. ठसका लागला तेव्हा थांबली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी माकडांच्या नाचाचा प्रसंग चालू होता. बल्लू नारळाच्या करवंट्या लावून, गवताचा घागरा घालून माकडीण बनतो आणि नाचतो. चिमी लोळत होती. बाबा म्हणाले, "नाचणारं अस्वल मी पाह्यलंय." दरवेशी गावात यायचा, डमरू वाजवायचा, पोरांना अस्वलाच्या पाठीवर बसवायचा, केसांचे ताईत विकायचा. मलाही अंधुक आठवतं. "त्याच्या नाकातून दोरी घातलेली राहे," बाबा म्हणाले, आणि चिमीकडे पाहून पुढचं गिळलं. दात काढून टाकलेले असायचे, हे त्यांनी मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं.

आमच्याकडे जंगलातल्या माणसाला विचारा, वाघापेक्षा जास्त भीती अस्वलाची. वाघ आपली वाट बदलतो. अस्वलाची नजर मंद, वारूळ उकरताना कानही कामात नसतात, माणूस अगदी जवळ आला की दचकतं आणि सरळ डोक्यावर येतं. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या बायांना विचारा.

बाबांच्या बीटवर एक वनमजूर होते. आम्ही त्यांना भजनीकाका म्हणायचो. आवाज असा, की दिंडीत मागच्या टोकाला उभे राहिले तरी पुढे ऐकू यावं. गस्तीतही गात. बाबा शिस्तीचे, त्यांना ते आवडायचं नाही. "जंगलात फिरतो का लग्नाच्या वरातीत?" म्हणून रोज भांडण. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं, चहात साखर किती इथपासून. आणि तरी बदलीची वेळ आली की बाबा पहिली चौकशी ही करायचे, की तो सोबत येऊ शकेल का. चिमीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आजोबा बगीरा." यात वाद नाही.

एकदा सागवान तोडल्याची खबर होती, म्हणून बाबांनी काकांना सक्त ताकीद दिली, आज आवाज नाही. काका गप्प चालले. रायमुनियाच्या झुडपातून अस्वल उठलं ते थेट त्यांच्यावर. काकांनी हात आडवा घातला म्हणून डोळे वाचले. हातावरचे व्रण आणि अर्धा कान आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पण 'आज गाऊ नकोस' हे बाबा म्हणाले होते, हे मला या मे महिन्यात कळलं. गाणं ऐकून अस्वल आधीच बाजूला होत असे, हे त्यांना नंतर कळलं होतं.

सिनेमात शेवटाकडे शेरखानशी झुंजून बल्लू निपचित पडतो. पाऊस पडत असतो. तो मेला असं समजून बगीरा मोगलीजवळ त्याची थोरवी सांगू लागतो, ज्याला सिनेमाभर बेजबाबदार म्हणून झापलं त्याचीच. आणि बल्लू पडल्या पडल्या एक डोळा किलकिला करून ऐकत असतो. पाचव्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "काय म्हणते तो बिबट?" मी सांगितलं. चिमीने त्या दिवशी चूप म्हटलं नाही.

"मी काहीच नव्हतो बोललो," बाबा म्हणाले. "ट्रॅक्टरमधी टाकून नेलं त्याले. पूर्ण रस्ता हात धरून बसलो, पण तोंडातून एक शब्द निघाला नाही."

"आणि काका?"

"तो शिव्या देत होता. पह्यले अस्वलाले, मंग मले."

शेवट चिमीला नऊही वेळा पटला नाही. एवढं जिवाला जीव देणारं अस्वल सोडून मोगली घागर घेतलेल्या मुलीमागे गावात जातोच कसा? "वेडा आहे तो," तिचा निकाल. बल्लू आणि बगीरा गळ्यात हात टाकून गात परत जातात, आणि आता बगीराही गातो, हे मी तिला दाखवायचा प्रयत्न केला. तिला त्यात रस नव्हता.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी तिने चित्र काढलं. निळं अस्वल, शेजारी काळा बिबट, दोघांची तोंडं उघडी, कारण गाणं चालू आहे. अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नाहीत. आजोबांनी तपासून पास केलं.

चित्र तिने आजोबांसाठी ठेवलं होतं. बाबांनी त्याची सुरळी केली, रबर लावलं आणि पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने देवलापारला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा हातात मोहफुलांची पुडी होती, सुरळी नव्हती.

काकांना आवडलं का, म्हणून विचारलं.

"पाह्यलं त्यानं, लई वेळ," बाबा चपला काढत म्हणाले. "मंग म्हणे, नखं लहान काढली पोरीनं."