क्रोशाची टोपी मापात बसवताना

खांबांची (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका) टोपी मी शेंड्यापासून खाली विणते. आधी सपाट चकती, ती पुरेशी रुंद झाली की वाढ थांबवायची आणि मग सरळ फेऱ्या. अवघड टाका एकही नाही. तरीही टोपी डोळ्यांवर येते किंवा शेंडा झालरीसारखा फुगतो. बहुतेक वेळा कारण मापात असतं.

माप भुवयांच्या जरा वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून घ्यायचं. समजा ५५ सेंमी आलं, तर टोपी ५१ सेंमीची करते. लोकर ताणते, म्हणून ४ सेंमी कमी. दोन सुयांवर विणलेली टोपी याहून जास्त ताणली जाते, तिचं गणित इथे लावू नये. आता ५१ ला ३.१४ ने भागलं की साधारण १६ येतात. चकतीचा व्यास १६ सेंमी झाला की वाढ बंद.

मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिमीची क्रोशाची सुई घेतली की माझ्या हाताला १० सेंमीत १४ खांब बसतात आणि साडेसात फेऱ्या. तुमचा हात घट्ट असेल तर हा आकडा बदलेल, म्हणून सुईवरचा नंबर पाहून विसंबू नका. लोकर सुमारे ८० ग्रॅम लागते, मी १०० ग्रॅम घेते. गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत ना, ते कागदी पट्टीवर बघावं. वेगळ्या लॉटचा पांढरासुद्धा शेजारी ठेवला की वेगळा दिसतो.

बोटाभोवती धाग्याचा वेढा घेऊन त्यात १२ खांब घालते आणि टोक ओढून भोक बंद करते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, म्हणजे २४. तिसरीत एका टाक्यात एक खांब, पुढच्यात दोन: ३६. चौथीत दोन टाक्यांत एकेक, मग एका टाक्यात दोन: ४८. याच क्रमाने ६० आणि ७२. म्हणजे प्रत्येक फेरीत बरोबर १२ वाढतात. खांब उंच असतो म्हणून १२. मुका खांब बुटका, त्याला प्रत्येक फेरीत ६ पुरतात. यूट्यूबवर पाहून विणणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: अमेरिकन ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, पण ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे मुका खांब. अमेरिकन नमुना ब्रिटिश समजून विणला की टोपी निम्म्या उंचीची होते.

तिसऱ्या फेरीनंतर थांबून चकती टेबलावर ठेवते आणि मोजते. व्यास ८ सेंमी हवा. इथे उसवायला तीन फेऱ्यांचे मिळून ७२ टाकेच असतात, म्हणून इथेच खरी तपासणी करावी. वाटीसारखी वळत असेल तर वाढीचे टाके चुकलेत किंवा हात घट्ट आहे. सुई अर्ध्या मिमीने मोठी घ्यावी. कडा लाटांसारखी होत असेल तर वाढ जास्त झाली आहे, किंवा खांब बुटके पडताहेत. खांब बुटका पडतो तो टाक्यातून पहिला फास काढतानाच. तो फास वर ओढून उंच करा आणि मग पुढचे दोन वेढे घ्या, खांबाची उंची लगेच सुधारते.

मोजणी हमखास चुकते ती फेरी जोडताना. जोडणीची स्लिप स्टिच (फेरी बंद करणारा अगदी बुटका टाका) मोजणीतला टाका समजून तिच्यात खांब घातला की दर फेरीला एक टाका वाढत जातो. मी सुरुवातीच्या दोन साखळ्या टाका म्हणून धरत नाही, आणि पहिल्या खऱ्या खांबात वेगळ्या रंगाचा धागा अडकवते. फेरी त्याच खांबाला जोडायची.

सहाव्या फेरीनंतर ७२ खांब, वाढ बंद. पुढे साध्या सात फेऱ्या आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना एक खांब पुढून, एक मागून, म्हणजे सुई टाक्याच्या डोक्यात न घालता खालच्या खांबाच्या कमरेभोवती घालायची. याने काठाला पकड येते. या दोन फेऱ्यांना साडेचार मिमीची सुई घेते. शेंड्यापासून काठापर्यंत साधारण २० सेंमी, कान झाकतात.

वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण ४६ सेंमी असतं. तिथे पाचव्या फेरीला ६० टाक्यांवर थांबते, घेर ४३ सेंमी येतो. पुढे सात-आठ फेऱ्या पुरतात. बाळाच्या टोपीला लोंबत्या दोऱ्या लावत नाही आणि टोपी झोपेत घालू नये असं सांगूनच देते.

टोकं १५ सेंमी ठेवून कापते, आणि बोथट सुईने एकदा पुढे, एकदा उलट दिशेने ओवते. एकाच दिशेने ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. अॅक्रिलिकच्या टोपीवर गरम इस्त्री फिरवू नये, धागा लुळा पडून ताण कायमचा जातो. ओली करून पालथ्या वाटीवर किंवा फुगवलेल्या फुग्यावर सावलीत वाळवते. फुगा डोक्याच्या मापाएवढाच फुगवायचा, नाहीतर टोपी ताणलेलीच वाळते.