इंडियानाचे एकवीस

माझा भाचा प्रसाद कोलंबसला असतो. ओहायोतलं मोठं कोलंबस नव्हे, इंडियानातलं छोटं. कमिन्स इंजिनचं मुख्यालय तिथे आहे, त्यामुळे इंजिनिअर झालेली आपली बरीच पोरं त्या गावात जाऊन पडली आहेत. गावाची दुसरी ओळख माइक पेन्स. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले उपराष्ट्राध्यक्ष मूळचे तिथले. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प हरलेल्या निवडणुकीची मतमोजणी उलटवायला त्यांनी नकार दिला, आणि कॅपिटॉलवर, म्हणजे तिथल्या संसद भवनावर, चाल करून आलेल्या त्यांच्याच बाजूच्या गर्दीने त्यांना फाशी द्या म्हणून घोषणा दिल्या. ज्या घरात लहानाचा मोठा झालो त्याच घरातून धक्के मारून बाहेर काढणं म्हणजे काय, ते या माणसाला विचारावं.

माझा नाशिकच्या भद्रकालीत छापखाना आहे. निवडणूक आली की पत्रकं, स्लिपा, कार्यअहवाल, दिनदर्शिका. राजकारणाकडे मी खालून बघतो, म्हणजे पत्रकाच्या तळाशी मुद्रकाचं नाव आणि प्रतींची संख्या छापतात ना, तिथून. आणि तिथून बघणाऱ्याला प्रभाग रचनेइतकं महत्त्वाचं दुसरं काही नसतं. २०१७ ला नाशिक महापालिकेत चार-चारचे पॅनेल होते, ३१ प्रभाग, १२२ नगरसेवक. मग मविआ सरकारने तीनचे प्रभाग करायचं ठरवलं, आकडे बदलले, सीमा बदलल्या. हौशी इच्छुकांनी नव्या नंबरासकट कॅलेंडरं छापून घेतली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने सगळं फिरवून पुन्हा २०१७ चीच रचना आणली. एका इच्छुकाचे गठ्ठे माझ्याकडे तसेच पडून राहिले. पैसेही राहिलेच. नाव सांगत नाही, अजून गिऱ्हाईक आहे.

तर २०२५ च्या डिसेंबरात इकडे महापालिकेच्या तिकिटांसाठी एबी फॉर्मची पळापळ चालू असताना प्रसादचे तिकडून मेसेज यायचे. "मामा, आमच्याकडे पण प्रभाग रचना चाललीय." मला आधी गंमत वाटली. नंतर मी त्यात बुडालोच, कारण प्रकरण आपल्यापेक्षा भारी निघालं.

थोडक्यात असं आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघ नव्याने आखतात, साधारण ७ लाख ६० हजार लोकांचा एक. आपल्याकडे लोकसभेचे मतदारसंघ परिसीमन आयोग आखतो. माझी एक बहीण सटाण्याला दिली आहे. २००८ च्या पुनर्रचनेत बागलाण धुळे मतदारसंघात गेला, तेव्हापासून तिचा जिल्हा नाशिक आणि खासदार धुळ्याचा. तिची तक्रार असते, पण निदान ती रेघ मारणारा स्वतः निवडणुकीला उभा नव्हता. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ही रेघ राज्याचं विधिमंडळच मारतं. म्हणजे ज्याची सत्ता त्याचीच पेन्सिल. आणि २०१९ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की पक्षीय फायद्यासाठी रेघा वाकवल्या तर संघराज्याच्या कोर्टांनी त्यात पडायचं कारण नाही.

२०२४ ला प्रतिनिधीगृह २२० विरुद्ध २१५ असं लागलं, रिपब्लिकनांच्या बाजूने, पण काठावर. मध्यावधीत, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या निवडणुकीत, त्याच्या पक्षाच्या जागा बहुधा कमी होतात. तेव्हा ट्रम्प यांनी २०२५ मध्ये टेक्सासला सांगितलं की जनगणनेची वाट बघू नका, आत्ताच नकाशा बदला आणि पाच जागा काढून द्या. टेक्सासच्या ३८ पैकी २५ त्यांच्याकडे होत्याच, त्या ३० करायच्या. डेमोक्रॅट आमदार कोरम मोडायला राज्य सोडून इलिनॉयला जाऊन बसले. दीडशेच्या सभागृहात शंभर हजर नसतील तर काम चालत नाही. आपण सुरत-गुवाहाटीवाले, आपल्याला यात नवल ते काय! शेवटी ते परतले आणि नकाशा मंजूर झाला. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरात जनमत घेऊन पाच जागा डेमोक्रॅटांकडे वळतील असा आपला नकाशा केला. जवळपास ६४ टक्के लोकांनी हो म्हटलं. मिसुरी, नॉर्थ कॅरोलिना यांनीही एकेक जागा ओढायची सोय केली.

इथवर हे दोन पक्षांचं भांडण आहे. इंडियानात ते एकाच पक्षाचं झालं.

इंडियानाच्या नऊ जागा, त्यातल्या सात रिपब्लिकनांकडे. दोनच डेमोक्रॅट, एक इंडियानापोलिस शहरात आणि एक वर मिशिगन सरोवराकाठच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. ट्रम्प यांचा हुकूम आला की नऊच्या नऊ हव्यात. प्रसादने नव्या नकाशाची पीडीएफ पाठवली. छपाईवाल्याची नजर आधी रंगांच्या जोडावर जाते. मी शहर मोठं करून बघितलं. इंडियानापोलिसचे चार तुकडे, चार रंग, आणि प्रत्येक रंग शहराचा एक लचका घेऊन लांब शेतांकडे पळालेला. शहराचा एक भाग तर थेट केंटकीच्या सीमेवरच्या गावांबरोबर. आमच्या नाशिकच्या शालिमारच्या मतदाराला धुळ्याच्या पलीकडे नेऊन बांधलं तर कसं, तसं. एवढ्या सफाईने कापलेलं काम मी तरी क्वचितच बघितलं असेल.

उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स आमदारांना समजवायला इंडियानाला येऊन गेले. ट्रम्प यांनी जाहीर धमकीच दिली की जो विरोधात जाईल त्याला पुढच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या तिकिटासाठीच्या मतदानात, पाडू. गव्हर्नर माइक ब्रॉन त्यांच्या बाजूने. राज्य सिनेटचे नेते रॉड्रिक ब्रे आधी म्हणाले की मतंच नाहीत, अधिवेशन कशाला घ्यायचं. मग दबाव इतका वाढला की डिसेंबरात घ्यावंच लागलं. मधल्या काळात काही सिनेटरांच्या घरी खोटे फोन करून पोलीस पाठवण्याचे प्रकार झाले. खालच्या सभागृहात ५७ विरुद्ध ४१ ने नकाशा मंजूर झाला. ११ डिसेंबरला सिनेटमध्ये मतदान झालं. पन्नास सदस्य, त्यातले चाळीस रिपब्लिकन. नकाशा पडला, ३१ विरुद्ध १९.

आता हे आकडे जरा सुटे करून बघा. डेमोक्रॅट फक्त दहा. म्हणजे २१ रिपब्लिकनांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात हात वर केला, आणि बाजूने १९. पक्षातलं बहुमतच नाही म्हणालं.

मला यात सगळ्यात रस वाटला तो या एकवीस जणांचा. ही काही मऊ, शहरी, उदारमतवादी माणसं नव्हेत. गर्भपातविरोधी, बंदूकवाली, कमी कर मागणारी, रविवारी चर्चला जाणारी. त्यातल्या स्पेन्सर डीरी यांचं म्हणणं साधारण असं होतं की मी विरोध करतो तो कन्झर्व्हेटिव्ह असूनही नव्हे, कन्झर्व्हेटिव्ह आहे म्हणून. वॉशिंग्टनने राज्यांना हुकूम सोडू नयेत हेच तर आपण आयुष्यभर सांगत आलो. माइक बोहासेक यांचं कारण याहून घरगुती. ट्रम्प यांनी मिनेसोटाच्या गव्हर्नरला मतिमंद या अर्थाची शिवी दिली. बोहासेक यांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. त्यांनी सांगून टाकलं, माझं मत नाही म्हणजे नाही. तत्त्व वगैरे बाजूला ठेवा, हे कारण मला पूर्ण पटतं.

प्रसादला विचारलं, तुझ्या ऑफिसातले लोक काय म्हणतात? तो म्हणाला, "मामा, तिकडे राजकारण कोणी बोलत नाही. पण शेजारचे आजोबा ट्रम्पवाले आहेत, अंगणात पाटी आहे. ते म्हणाले, मी ट्रम्पला तीनदा मत दिलं, पण माझ्या सिनेटरला फोन करून सांगितलं की हे करू नको." म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदतात. आपल्याकडेही वर एकाला आणि गल्लीत दुसऱ्याला मत देणारी घरं मी रोज बघतो.

बाहेरून बघणाऱ्याला अमेरिकेतले उजवे म्हणजे ट्रम्पवाल्यांची एकच लाल टोपी वाटते. तसं ते कधीच नव्हतं. १९५५ ला विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे उजव्या विचारांचं नियतकालिक काढलं तेव्हापासून ही तीन वेगळ्या लोकांची मोट आहे: बाजारपेठवाले, धर्मवाले आणि कम्युनिस्टांशी लढणारे. एकमेकांबद्दल वाईट बोलू नका असा अकरावा आदेश रेगन सांगायचे, आणि तेच रेगन १९७६ ला आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याविरुद्ध तिकिटासाठी उभे राहिले. समोर सोव्हिएत युनियन होता तोवर मोट बांधलेली राहिली. आता समोर कोण, यावर एकमत नाही. चार्ली कर्क या तरुण उजव्या नेत्याची २०२५ च्या सप्टेंबरात हत्या झाली तेव्हा दोन आठवडे सगळे एक होते. ऑक्टोबरअखेर उजव्यांचे नावाजलेले मुलाखतकार टकर कार्लसन यांनी निक फ्युएंटेस या उघड ज्यूद्वेष्ट्याची मुलाखत घेतली, हेरिटेज फाउंडेशन या उजव्या अभ्यास संस्थेच्या अध्यक्षांनी कार्लसन यांची पाठराखण केली, तिथल्या लोकांनी राजीनामे दिले, आणि डिसेंबरात कर्क यांच्याच संघटनेच्या मेळाव्यात बेन शापिरो हे दुसरे उजवे भाष्यकार आणि कार्लसन यांनी एकाच व्यासपीठावरून एकमेकांना सुनावलं.

प्रसादच्या दृष्टीने खरी गोष्ट मात्र वेगळीच. त्याचा व्हिसा. २०२४ च्या डिसेंबरात मस्क आणि रामस्वामी हे उद्योगपती एका बाजूला, ट्रम्प यांचे जुने सल्लागार बॅनन वगैरे दुसऱ्या बाजूला, आणि वाद कुशल परदेशी नोकरदारांच्या एच-१बी व्हिसावर. उद्योगपतींना आपली पोरं हवीत, राष्ट्रवाद्यांना नकोत. पुढच्या सप्टेंबरात नव्या अर्जाला एक लाख डॉलर फी लागली. प्रसादचा व्हिसा जुना, त्याला लागू नाही, पण त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, इकडे तीन दिवस धड जेवण केलं नाही. उजव्यांतल्या कोणत्या गटाचं कोण ऐकतं यावर पंचवटीतल्या एका स्वयंपाकघरातला कुकर लागतो की नाही ते ठरतं, हे त्या दोन्ही गटांना कुठे माहीत असणार.

माझं म्हणणं एवढंच की रेघ वाकवून विरोधक हटवता येतो, पण भांडण हटत नाही, ते आत येतं. मतदारसंघ पक्का सुरक्षित केला की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती उरते आणि खरी लढत प्रायमरीत होते. तिथे तिकीट मुंबई-दिल्लीहून एबी फॉर्मने येत नाही, पक्षाच्या मतदारांकडून मत मागून मिळवावं लागतं. तिथे येणारे मतदार थोडे आणि कट्टर. त्यामुळे जितक्या जागा सुरक्षित, तितकी आपल्याच माणसाची भीती जास्त. कॅलिफोर्नियात बघा. नव्या नकाशाने केन कॅल्व्हर्ट आणि यंग किम हे दोन विद्यमान रिपब्लिकन खासदार एकाच मतदारसंघात येऊन आदळले. कॅलिफोर्नियाचेच रिपब्लिकन खासदार केव्हिन कायली यांनी तर जनगणनेच्या अधेमधे नकाशे बदलायला बंदी घालणारं विधेयक आणलं. त्यांची स्वतःची जागा धोक्यात आल्यावर, हे ओघाने आलंच.

दुसरं एक गणित रेघा मारणारे विसरतात. नऊच्या नऊ घ्यायच्या तर आपली मतं नऊ ठिकाणी पसरावी लागतात. एखाद्या वर्षी वारं फिरलं तर सातही राहत नाहीत. इथल्या जुन्या नगरसेवकांना हे न शिकवता कळतं. आपली हक्काची वस्ती शेजारच्या प्रभागात जाऊ नये म्हणून हरकती-सूचनांच्या सुनावणीला ते वकील घेऊन बसतात, तेही बरेचदा आपल्याच पक्षाच्या शेजाऱ्याविरुद्ध. आणि युतीचं म्हणाल तर राज्यात एकत्र सत्तेत असलेले पक्ष इथे महापालिकेला १५ जानेवारी २०२६ ला समोरासमोर होते. नाशिकच्या पालकमंत्रिपदाचंही तेच. २०२५ च्या जानेवारीत गिरीश महाजन यांचं नाव जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी स्थगिती, कारण दादा भुसे यांच्या बाजूची नाराजी. कुंभमेळा तोंडावर आला तरी पाटी कोणाची लावायची ते ठरेना.

फरक एकच, आणि तो मला टोचतो. इंडियानाच्या त्या एकवीस जणांनी सभागृहात उभं राहून, नाव घेऊन, कारण सांगून नाही म्हटलं. आपल्याकडे नाराज माणूस नॉट रिचेबल होतो. व्हिप मोडला तर आमदारकी जाते हे खरं, तिथे तसा कायदा नाही. पण व्हिप नसतो तिथे तरी आपण कुठे बोलतो?

२०२६ च्या मे महिन्यात इंडियानाच्या प्रायमरी होत्या. सिनेटच्या निम्म्या जागांवर निवडणूक असल्याने या एकवीसपैकी काहींना तेव्हाच सामोरं जायचं होतं, बाकीचे दोन वर्षं सुटले. ट्रम्प यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभे करायची भाषा केली होती, गव्हर्नरही त्यांच्या सुरात. राज्य सिनेटच्या एवढ्याशा जागेसाठी बाहेरचा पैसा ओतला गेला की काय होतं ते बघण्यासारखं होतं. प्रसादला मत नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. त्याला म्हटलं, मत नसू दे, पण पोस्टाच्या पेटीत त्या मंडळींची पत्रकं पडतील ती टाकू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. तिकडे म्हणे जाड ग्लॉसी कार्डावर छापतात, दोन्ही बाजूंनी चार रंगात. किती जीएसएमचा कागद आहे ते मला हात लावून बघायचं आहे.