एका देशावर दावा लावताना: माझा अनुभव

दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या बंगल्याची गच्ची. विटांचे बांध घालून आम्ही तिच्यावर चार इंच पाणी उभं केलं होतं, सात दिवस. सातव्या दिवशी सकाळी मी खालच्या हॉलमध्ये शिडीवर चढलो आणि छताला पंजा लावून पाहिला. खडखडीत कोरडं. वर्षानुवर्षं जिथून ओल उतरत होती, त्या कोपऱ्यातही टिपूस नाही. वकिलातीचे प्रशासन अधिकारी शेजारी उभे होते. त्यांनीही वर चढून हात लावला आणि खाली येऊन मेजरमेंट बुकवर, म्हणजे कामाची मापं नोंदवायच्या वहीवर, सही केली. तारीख २६ मे २०१२. पावसाच्या आधी काम पुरं करून देतो असा शब्द दिला होता, तो पाळला होता.

आमचा धंदा वॉटरप्रूफिंगचा आणि दुरुस्तीचा. बाबांनी सुरू केला, मी पुढे चालवतो. हे काम एका परदेशाच्या मुंबईतल्या वकिलातीचं होतं. गच्चीवरचा जुना कोबा (पाणी अडवणारा थर) खरवडून काढायचा, नवा ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा, कोबा घालायचा, भिंतीच्या कडेने सिमेंटचा गोलसर वाटा फिरवायचा, आतलं प्लास्टर आणि रंग. काम चालू असतानाची दोन रनिंग बिलं वेळेवर मिळाली. फायनल बिल १४ लाख ६० हजारांचं होतं, ते अडकलं. देशाचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी प्रकरण आपसात मिटलं आणि मिटवताना तसं ठरलं होतं.

आधी सांगितलं गेलं की मुख्यालयाची मंजुरी यायची आहे. मग अधिकारी बदलले. नव्या साहेबांना फाइल पाहायची होती. दिवाळी गेली. आमच्या ओळखीच्या एका वकिलांनी आरपीएडीने (पोचपावतीच्या रजिस्टर्ड टपालाने) नोटीस पाठवली, तिला चार ओळींचं उत्तर आलं: हे कार्यालय एका सार्वभौम राष्ट्राचं आहे आणि भारतीय न्यायालयांचा अधिकार त्यावर चालत नाही. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अरे, मग वर्क ऑर्डरवर सही केली तेव्हा ते कोण होते?"

त्याच हिवाळ्यात पेपरात एक बातमी गाजत होती. अर्जेंटिनाचं ‘लिबर्ताद’ नावाचं नौदलाचं शिडाचं जहाज घानाच्या तेमा बंदरात अडकवून ठेवलं होतं. अर्जेंटिनाने थकवलेल्या कर्जरोख्यांच्या वसुलीसाठी एका गुंतवणूक फंडाने तिथल्या कोर्टातून तसा आदेश मिळवला होता. बाबांना त्यातून धीर आला. देशाचं जहाज धरता येतं, तर आपलं बिल का वसूल होणार नाही? पण डिसेंबरात हॅम्बुर्गच्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ते जहाज सोडायला लावलं.

पुढचे पाच महिने वाया गेले. वकिलांनी साध्या वसुलीच्या दाव्यासारखा दावा तयार केला, कोर्ट फीचा हिशेब झाला, आणि दाखल करायच्या आठवड्यात त्यांच्याच एका सहकाऱ्याने विचारलं, "केंद्राची संमती कुठंय?" ती काय असते हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मग एका नातेवाइकाने फोर्टमधल्या एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्यांनी.

पहिल्याच भेटीत त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता उघडून माझ्यासमोर ठेवली. कलम ८६. परदेशी राज्यावर भारतातल्या कोर्टात दावा लावायचा असेल तर केंद्र सरकारची संमती लागते, आणि ती सचिवाने लेखी प्रमाणित केलेली असावी लागते. संमती कधी देता येते तेही तिथेच लिहिलं आहे. त्या राज्याने स्वतः आपल्यावर त्या कोर्टात दावा लावला असेल. त्या कोर्टाच्या हद्दीत ते राज्य व्यापार करत असेल. हद्दीतली स्थावर मालमत्ता त्याच्या ताब्यात असेल आणि दावा त्या मालमत्तेसंबंधी असेल. किंवा त्याने स्वतःहून, उघडपणे अथवा वागण्यातून, हे संरक्षण सोडलं असेल. यातलं एक तरी बसलं पाहिजे. (एक अपवाद मुद्दाम सांगतो. परदेशी राज्याच्या जागेत कोणी भाडेकरू असेल, तर त्या जागेबाबत घरमालक राज्यावर दावा लावायला त्याला संमती लागत नाही. उलट बाजूने, आपला फ्लॅट वकिलातीला भाड्याने दिलेल्या मालकाला मात्र ती लागते. मुंबईत असे मालक बरेच आहेत.)

"आणि नाही म्हणाले तर?" मी विचारलं.

"नाही म्हणण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. पोटकलम ६. ते वाचा."

मग त्यांनी १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचायला दिला. दिल्लीतल्या अल्जेरियाच्या दूतावासाचं दुरुस्तीचं काम केलेला एक कंत्राटदार. बिल थकलं, त्याने संमती मागितली, राजकीय कारणावरून ती नाकारली गेली. न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि अर्जाचा पुन्हा विचार करा, अर्जदाराला ऐका, कारणं द्या असं सांगितलं. तो निकाल मी लोकल ट्रेनमध्ये उभ्याने वाचला. आपल्यासारखाच एक माणूस, आपल्यासारखंच काम, आपल्यासारखंच बिल. त्या दिवसापासून मला हे प्रकरण एकट्याचं वाटेनासं झालं.

वेळेचा प्रश्न वेगळा होता. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायला मुदत कायद्याप्रमाणे ३ वर्षं असतात. पण त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये अशी सोय आहे की ज्या दाव्याला आधी सरकारची संमती लागते, त्यात ती मिळायला लागलेला काळ मुदतीतून वगळतात. अर्ज केल्याची आणि आदेश हाती पडल्याची तारीख धरून. म्हणजे घड्याळ थांबवायचं असेल तर अर्ज लवकर करायला हवा. ज्यांचं बिल आज अडकलेलं आहे त्यांना मी पहिलं हेच सांगेन. पत्रव्यवहारात गेलेले महिने कोणी परत देत नाही. अर्जात गेलेले महिने कायदा परत देतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये आम्ही दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाच्या सचिवांच्या नावे अर्ज पाठवला. सोबत दाव्याचा मसुदा, वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुकची पानं, मिळालेल्या दोन बिलांच्या बँक नोंदी, सगळी पत्रं. दाव्याच्या पहिल्या पानावर ‘प्रतिवादी’ या शब्दापुढे वकिलातीचं नाव नव्हतं. वकिलात हे फक्त कार्यालय, करार राज्याचा, म्हणून प्रतिवादी ते राज्य. वर आमच्या फर्मचं नाव, मध्ये ‘विरुद्ध’, खाली एका अख्ख्या प्रजासत्ताकाचं नाव. सही करताना माझा हात थांबला होता. वकीलबाई म्हणाल्या, "करा. करार करताना दोघं एकाच कागदावर होतात ना?"

मंत्रालयाने त्या देशाकडून त्यांचं म्हणणं मागवलं आणि नंतर आम्हाला सुनावणीला बोलावलं. या टप्प्यासाठी वकीलबाईंनी आंतरराष्ट्रीय करारांचा जो अभ्यास करून घेतला, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

एक राज्य दुसऱ्या राज्याच्या कोर्टापुढे उभं केलं जाणार नाही, हा जुना रिवाज. दोघं समान, मग एकाने दुसऱ्याचा न्याय कसा करायचा? पण राज्यं धंद्यात उतरली, जहाजं चालवू लागली, माल विकत घेऊ लागली, तसा हा रिवाज पुरेनासा झाला. १९२६ च्या ब्रुसेल्स करारात ठरलं की सरकारी जहाज व्यापारी मालवाहतूक करत असेल तर त्याला खासगी जहाजाचेच नियम लागतील. युद्धनौका मात्र वगळल्या. ‘लिबर्ताद’ सुटलं ते नौदलाचं होतं म्हणून, हे मला तेव्हा उमगलं. पुढे १९७२ मध्ये बाझलला युरोपीय करार झाला. आणि २ डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने राज्यांना आणि त्यांच्या मालमत्तेला परदेशी कोर्टांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा करार स्वीकारला. भारताने त्यावर २००७ मध्ये सही केली आहे, पण पक्की मान्यता दिलेली नाही. तो अमलात यायला ३० देशांची मान्यता लागते आणि तेवढी अजून झालेली नाही. तरीही जगभरची कोर्टं त्याचा दाखला देतात, कारण बहुतेक देशांचं या विषयातलं मत कुठे आलं आहे ते त्यात दिसतं.

त्या कराराचा अनुच्छेद १० सांगतो की राज्याने परदेशी व्यक्तीशी व्यापारी व्यवहार केला असेल, तर त्यातून उठलेल्या वादात त्याला संरक्षणाची ढाल पुढे करता येत नाही. व्यापारी व्यवहार म्हणजे काय, ते अनुच्छेद २ मध्ये आहे. माल विकणं आणि सेवा पुरवणं त्यात स्पष्ट येतं. पण खरी मेख पुढे आहे. व्यवहार व्यापारी की नाही हे त्याच्या स्वरूपावरून ठरवायचं की हेतूवरून? सैन्यासाठी बूट घेतले तर हेतू संरक्षणाचा, स्वरूप बूटखरेदीचं. करारात मुख्य भर स्वरूपावर आहे, पण दोन्ही पक्षांनी तसं ठरवलं असेल, किंवा खटला जिथे चालतो त्या देशाची तशी प्रथा असेल, तर हेतूही पाहता येतो. त्या मसुद्यावर वर्षानुवर्षं वाद का चालला असेल, ते या एका वाक्यातून कळतं.

सुनावणीत नेमका हाच प्रश्न आला. अधिकारी शांतपणे बोलणारे होते, कागद वाचून आले होते. त्यांनी विचारलं, ही इमारत त्या राज्याच्या अधिकृत कामाची जागा आहे, मग तिची दुरुस्ती हा राज्याच्या सार्वभौम कामाचा भाग नाही का?

वकीलबाई उठल्या. "इमारतीत जे काम चालतं ते सार्वभौम असेल, साहेब. त्यावर आमचं काहीच म्हणणं नाही. पण गच्चीवर कोबा कोणीही घालून घेतं. शेजारच्या सोसायटीनेही याच फर्मकडून घालून घेतला. दर तोच, सिमेंट तेच." आणि त्यांनी त्या सोसायटीचं कोटेशन पुढे ठेवलं. मग कलम ८६ वर आल्या: मालमत्ता मुंबईत, ताबा त्या राज्याचा, पैसे त्याच मालमत्तेवर केलेल्या कामाचे. जोडीला २०११ चा इथिओपियन एअरलाइन्सचा निकाल. ते प्रकरण मुंबईत, महाराष्ट्राच्या राज्य ग्राहक आयोगापुढे सुरू झालं होतं. दार-ए-सलामला पाठवलेला रंग-रसायनांचा माल खराब झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी विमान कंपनीला व्यापारी व्यवहारात असं संरक्षण मागता येणार नाही. ग्राहक कायद्याखालच्या तक्रारीला तर कलम ८६ ची संमतीही लागत नाही. आमचा दावा दिवाणी कोर्टातला, म्हणून आम्हाला ती लागत होती. पण मुद्दा तोच होता.

फेब्रुवारी २०१५ मध्ये संमतीचं पत्र आलं. दीड पान, वर सिंहमुद्रा, खाली सचिवांच्या वतीने प्रमाणित केल्याची सही. ते पाकीट बाबांनी उघडलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पत्र देवासमोर ठेवलं.

दावा सिटी सिव्हिल कोर्टात दाखल झाला. समन्स बेलिफाच्या हाती वकिलातीत पाठवता येत नाही, ते परराष्ट्र मंत्रालयामार्फत राजनैतिक मार्गाने जातं. २००४ च्या करारातही ही वाट सांगितली आहे, आणि एकतर्फी निकाल द्यायचा तर कागद पोचल्यापासून निदान ४ महिने थांबायचं, असंही त्यात आहे. तारखांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मलाही उशिरा कळली. डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही. कलम ८६ च्याच पोटकलम ३ प्रमाणे परदेशी राज्याच्या मालमत्तेवर डिक्री बजावायला केंद्राची वेगळी संमती लागते. संयुक्त राष्ट्रांच्या करारातही दावा चालवणं आणि जप्ती आणणं या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. वकिलातीचं बँक खातं, लष्करी मालमत्ता, मध्यवर्ती बँकेचा पैसा, सांस्कृतिक वारसा, यांना हात लावता येत नाही. मला हे अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. ज्या खात्यातून माझी पहिली दोन बिलं आली, त्याच खात्यावर तिसऱ्या बिलासाठी जप्ती आणता येत नाही. वकिलातीचं रोजचं काम बंद पडू नये हे कारण मला पटतं. छोट्या कंत्राटदाराचं काम मात्र बंद पडतंच.

म्हणून तडजोडीचं बोलणं आलं तेव्हा आम्ही दार लावलं नाही. समन्स त्यांच्या राजधानीत पोचल्यावर तीन महिन्यांत त्यांच्याच वकिलांचा फोन आला. मूळ रक्कम पूर्ण, व्याज नाही. बाबा व्याजावर अडून होते. वकीलबाईंनी त्यांना समोर बसवून पोटकलम ३ पुन्हा वाचून दाखवलं, आणि त्यांनी मान हलवली.

आता वकिलातीचं काम घेताना आमच्या करारात दोन ओळी असतात: वाद झाला तर लवादाकडे जाऊ, आणि दावा किंवा वसुली, दोन्हींत हे राज्य आपलं संरक्षण सोडत आहे. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अफगाणिस्तानच्या दूतावासाच्या दुरुस्तीच्या आणि इथिओपियाच्या शिक्षण मंत्रालयाला पुरवलेल्या पाठ्यपुस्तकांच्या प्रकरणांत ठरवलं की लवादाचा निवाडा बजावायला कलम ८६ ची संमती लागत नाही; व्यापारी करारात लवाद मान्य केला, तिथेच संरक्षण सोडलं. हे मला २०१२ मध्ये माहीत असतं तर बरं झालं असतं. एका वकिलातीने या ओळी खोडून मागितल्या, तेव्हा आम्ही ७० टक्के आगाऊ मागितले आणि त्यांनी ते दिले.

चेक वटला तो शनिवार होता. त्या साइटचा आमचा मुकादम मधल्या काळात गावी, राजापूरला परत गेला होता. त्याचे आणि त्याच्या सहा माणसांचे ४२ हजार तीन वर्षं आमच्या वहीत बाकी दिसत होते. मी त्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, "गच्ची गळाली का हो?"

"नाही," म्हटलं. "तीन पावसाळे झाले. कोरडी आहे."